कण्हेरीच्या पानावरचा काळा थर

प्रश्न : आमची सोसायटी लालबहादूर शास्त्री मार्गाला लागून आहे. कुंपणाच्या कण्हेरीची पाने काळी पडतात. यावरून हवा किती खराब आहे ते कळेल का? (वाचक, भांडुप)

आधी पान उलटून पाहा. खाली पिवळा मावा (रस शोषणारी बारीक कीड) असेल आणि पान चिकट लागत असेल, तर तो काळा थर मावा सोडतो त्या गोड रसावर वाढलेली बुरशी आहे. हवेचा त्यात दोष नाही. मावा नसेल तर पुढे जाऊ.

पानावरून आकडा मिळणार नाही. पण कुंपणाच्या कुठल्या बाजूला धूळ जास्त बसते, कुठल्या महिन्यात वाढते, हे पान चांगले सांगते, आणि सोसायटीला तेच हवे असते. मापन केंद्र काही किलोमीटरवर असू शकते, कुंपण मात्र तुमच्या दारात आहे. कण्हेर या कामाला फार चांगली. तिची रंध्रे, म्हणजे श्वसनाची बारीक छिद्रे, पानाखालच्या खोलगट खळ्यांत केसांनी झाकलेली असतात, पान जाड आणि मेणचट. त्यामुळे दुसरी झुडपे माना टाकतात तिथेही ती तग धरते आणि धूळ अंगावर घेते.

छातीच्या उंचीवरची जून पाने निवडा, पाच रस्त्याकडची, पाच आतली. कोवळे पान घेऊ नका, त्याला धूळ खायला वेळच मिळालेला नसतो. पारदर्शक चिकटपट्टी पानाच्या वरच्या बाजूवर दाबा, अलगद उचला, पांढऱ्या कागदावर चिकटवा आणि तारीख लिहा. शेवटचा पाऊस कधी पडला, माळ्याने पाइप कधी मारला, हेही लिहा; नाहीतर तुलनेला अर्थ उरत नाही. दर पंधरवड्याला हेच करा. दिवाळीनंतर सकाळची हवा जमिनीलगत कोंडते, तेव्हाच्या पट्ट्या जूनमधल्या पट्ट्यांशेजारी ठेवून पाहा.

थर बोटाने चोळा. काळा, तेलकट, बोटाला फासला जाणारा असेल तर बहुधा धुराची काजळी. राखाडी आणि खरखरीत असेल तर बांधकामाची किंवा रस्त्याची धूळ. नंतर हात साबणाने धुवा. कण्हेर मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे, लहान मुलांना हे काम देऊ नका.

प्रश्न : आम्ही रेल्वेमार्गालगत राहतो. पानांवरची धूळ चुंबकाला चिकटते. हे लोखंडच ना? (वाचक, कुर्ला)

लोखंड असू शकते. रूळ, चाके आणि ब्रेक झिजून त्याचे कण उडतात. पण मुंबईच्या काळ्या पाषाणाच्या मातीतही चुंबकाकडे ओढले जाणारे कण असतात. म्हणून रुळांपासून लांबच्या झुडपाची धूळही तपासा. फरक दिसला तरच बोला.

प्रश्न : शेजारी पुनर्विकास सुरू झाल्यापासून आमचा एक्झोरा पिवळा पडलाय. धुळीमुळेच ना? (वाचक, गोरेगाव)

धुळीवर एवढ्यात खापर फोडू नका. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर झाडाला लोह मिळत नाही. एक्झोराला आम्लधर्मी माती लागते. वाफ्यात डेब्रिज किंवा सिमेंटचे पाणी गेले की माती चुनखडी होते आणि मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. वरची माती काढून शेणखत मिसळा. नव्या पालवीचा रंग सुधारला, तर कारण मुळाशीच होते. जुनी पानेही करपत असतील तर धूळ धुऊन दोन आठवडे वाट पाहा.

प्रश्न : शाळेच्या फाटकाजवळच्या झुडपांच्या अशा पट्ट्या वॉर्ड ऑफिसात दाखवल्या तर चालतील का? (शिक्षिका, गोवंडी)

जरूर दाखवा. पीएम 2.5, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांसाठी देशाची 24 तासांची मर्यादा दर घनमीटर 60 मायक्रोग्रॅम आहे. ती ओलांडली की नाही, हे फक्त यंत्र सांगेल. धूळ कुठल्या बाजूने येते, हे मात्र तुमच्या पट्ट्या दाखवतात. ऑक्टोबर 2023 मध्ये महापालिकेने बांधकामांना पत्र्याचे कुंपण, पाण्याची फवारणी आणि झाकलेले ट्रक बंधनकारक केले. फाटकासमोरच्या साइटवर यातले काय दिसत नाही, त्याचे फोटो तारखेसह पट्ट्यांच्या कागदाला जोडा आणि अर्जाची पोच घ्या.