सावली मोजून उन्हात जा

प्रिय पोरी,

रिपोर्टचा फोटो पाहिला. ड जीवनसत्त्व ११. २० च्या खाली गेलं की कमतरता धरतात. घाबरू नकोस, पण ‘बायकांचे पाय दुखायचेच’ म्हणणाऱ्यांचं ऐकूही नकोस. परवा पंगतीतून उठताना तू गुडघ्यावर हात टेकून, भिंत धरून उठलीस, ते मी पाहिलं होतं. सव्विसाव्या वर्षी मांड्यांत जोर नाही, हे काही बाईपणाचं लक्षण नव्हे.

तुझा दिवस बघ. स्कूटरवर स्कार्फ, गॉगल, खांद्यापर्यंतचे हातमोजे. पुण्यातल्या पोरींचा हा गणवेशच. ऑफिसात खिडकीजवळची जागा, तिथे ऊन येतं म्हणून तू खूश. पण त्वचेत ड तयार करणारे अतिनील-ब किरण काच जवळजवळ सगळे अडवते. तुला मिळते ती नुसती ऊब. घरी येतेस ती दिवेलागण उलटल्यावर.

कोवळ्या उन्हाच्या नादी मीही लागले होते. दोन हिवाळे सकाळी सातला गच्चीत चहा घेऊन बसले. चहा छान लागला, आकडा जागचा हलला नाही. ऊन तिरपं असलं की ते किरण वातावरणातच अडतात. आपली सावली उंचीपेक्षा आखूड दिसेल तेव्हा जायचं, साधारण अकरा ते दोन. बाह्या वर कर, पंधरा-वीस मिनिटं पुरे. चेहरा झाकलास तरी चालेल. सावळ्या त्वचेला वेळ जास्त लागतो, पण कातडी चुरचुरेपर्यंत बसू नकोस. आजी कुरडया राखायला भर दुपारी गच्चीत काठी घेऊन बसायची, तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

ताटातून फार येत नाही. बांगडा, तारली, अंड्याचा बलक, आणि तू तर शाकाहारी. दूध घेताना पिशवीवर ‘+एफ’ची खूण बघ, त्यात ड घातलेलं असतं.

साठ हजार युनिटची पुडी डॉक्टरांनी सांगितली तरच, आणि आठवड्यातून एकदा. मी चिठ्ठी नीट न वाचता चार दिवस रोज घेतली आणि बोलणी खाल्ली. अती झालं तर रक्तात कॅल्शियम चढतं, मूत्रपिंडावर ताण येतो. जेवणानंतर घे, रिकाम्या पोटी नको. तीन महिन्यांनी पुन्हा तपास.

उद्या डबा झाला की फोन कर. गच्चीतून.

तुझी,
ताई