एसओडीची सुरुवात स्टुडिओतल्या रिकाम्या वेळातून झाली

तू विचारलंस की एसओडी, म्हणजे स्टॉर्मट्रूपर्स ऑफ डेथ, ही खरीखुरी बँड होती की अँथ्रॅक्स या अमेरिकन मेटल बँडवाल्यांचा टाइमपास. सुरुवात टाइमपासच होती रे, पण त्यातून निघालेला अल्बम थ्रॅशमधल्या, म्हणजे वेगवान, आक्रमक मेटलमधल्या, सगळ्यात महत्त्वाच्या अल्बमपैकी एक आहे असं मी छातीठोकपणे सांगेन.

1985, न्यूयॉर्क राज्यातलं इथाका, पिरॅमिड साउंड स्टुडिओ. अँथ्रॅक्सच्या 'स्प्रेडिंग द डिसीज' या अल्बमचं रेकॉर्डिंग चाललेलं. त्यांचा गिटारिस्ट स्कॉट इयन, त्याचे गिटार ट्रॅक आटोपले आणि तो नुसता बसून, मग त्याने सार्जंट डी नावाच्या कॅरेक्टरची चित्रं काढायला घेतली, खाली एकेक भडक वाक्य, आणि त्या वाक्यांचीच पुढे गाणी झाली. अँथ्रॅक्सचा ड्रमर चार्ली बेनँटे तिथेच होता. बेसला डॅन लिल्करला बोलावलं, ज्याला पहिल्या अल्बमनंतर अँथ्रॅक्समधून काढलं होतं, आणि हे मला फार आवडतं, की काढलेल्या माणसाबरोबर दीडेक वर्षातच परत वाजवायला बसले. गायला बिली मिलानो, जो न्यूयॉर्क हार्डकोरमधला, म्हणजे तिथल्या वेगवान, आक्रमक पंकमधला, द सायकोज बँडचा बेसिस्ट!

आधी 'क्रॅब सोसायटी नॉर्थ' नावाचा डेमो केला, त्यात 63 गाणी, बरीचशी काही सेकंदांचीच. मग 'स्पीक इंग्लिश ऑर डाय' हा अल्बम त्यांनी रेकॉर्डिंग-मिक्सिंगसकट तीन दिवसांत उरकला आणि मेगाफोर्स या रेकॉर्ड कंपनीने तो त्याच वर्षी काढला. 21 गाणी, अर्ध्या तासाच्या आत खेळ खल्लास.

घाईत केला म्हणून कच्चा वाटतो असं लोक म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. रिफ, म्हणजे गिटारचे परत परत येणारे तुकडे, घट्ट आहेत, रेकॉर्डिंग अ‍ॅलेक्स पेरियालसचं, म्हणजे टेस्टामेंट आणि ओव्हरकिलचे अल्बम करणारा माणूस. फरक एवढाच की कुणाला काही सिद्ध करायचं नव्हतं, त्यामुळे हार्डकोरचा वेग आणि थ्रॅशची गिटार बिनधास्त एकत्र आली, आणि 'मिल्क' गाण्यातला ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रम्सचा तो सुसाट मारा, तर पुढे ग्राइंडकोर या आणखी टोकाच्या प्रकारवाल्यांनी उचलला. शब्द मात्र मुद्दाम चिडवणारे आहेत, काही आज ऐकवत नाहीत, शीर्षकापासूनच, ते मी झाकणार नाही.

'स्प्रेडिंग द डिसीज' आणि हा, दोन्ही लागोपाठ ऐक. तोच स्टुडिओ, तोच गिटारिस्ट, तोच ड्रमर, तेच वर्ष. चार्लीच्या ड्रम्सकडे खास लक्ष दे.