"मी थांबतच होतो की तुझ्यासाठी!"

"आम्ही दोघंच कुठे बाहेर गेलो की भांडूनच परत येतो. आमच्यात आता काही उरलंच नाही का?"

समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे इतक्यांदा येतो की आता त्याबद्दल लिहायलाच हवं. विचारणारे बहुतेक पन्नाशीच्या आसपासचे असतात. मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, घराचे हप्ते फिटलेले, आणि लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला कुठेतरी लांब जायचं ठरलेलं. घरी असताना टीव्ही असतो, पाहुणे असतात, मुलांचे फोन असतात. चार दिवस त्यातलं काहीच नसलं की माणसं घाबरतात. फिरायला जाऊन भांडण झालं म्हणजे संसारच फसला, असा निष्कर्ष काढून मोकळी होतात. तो निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो.

एका जोडप्याबद्दल सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गृहस्थ नाशिकच्या सातपूरमधल्या एका कारखान्यात उत्पादन विभाग सांभाळणारे, बाई शाळेत शिक्षिका. लग्न जूनच्या पहिल्या आठवड्यातलं. उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जायचं हे बाईंचं फार जुनं स्वप्न. 1931 मध्ये कामेट शिखरावरून परतताना फ्रँक स्माइद हा इंग्रज गिर्यारोहक त्या दरीत उतरला आणि त्यानेच तिला हे नाव दिलं, 1982 मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं, 2005 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं, हे सगळं त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. मुलांना शिकवताना चेहरा जसा फुलतो ना, तसा फुलला होता.

यजमानांनी ऐन वाढदिवसाच्या तारखेचं बुकिंग करून त्यांना चकित केलं. आणि तिथून दोघं अबोला धरून परतले.

"लाखभर रुपये घातले, वर्षभर रजा साठवली," गृहस्थ म्हणाले. "हिला काय कमी पडलं ते तुम्हीच विचारा."

"मला काहीच कमी पडलं नाही," बाई म्हणाल्या.

अशा वेळी मी भांडणाचं कारण विचारत नाही. कोणाचा स्वभाव कसा, माहेरचं वळण कसं, यातही फार शिरत नाही. स्वभावाच्या चर्चेतून आरोपच निघतात. दोन माणसं एकमेकांसमोर प्रत्यक्ष काय करतात, हे बारकाईने बघितलं की बरंच काही हाती लागतं. म्हणून म्हटलं, "पुलना ते घांघरिया चालत गेलात ना? ती वाट मला सांगा. भांडण राहू दे, फक्त वाट सांगा."

गोविंदघाटच्या पुढे पुलनापर्यंत गाडी जाते. तिथून घांघरिया साधारण 10 किलोमीटर, आणि वाट चढाची. आपलं नाशिक 600 मीटरच्या आसपास, घांघरिया 3,000 मीटरच्या वर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या 70 टक्क्यांच्या आसपासच असतो, त्यामुळे चांगल्या चालणाऱ्यालाही धाप लागते. गृहस्थ रोज पहाटे गोल्फ क्लबच्या मैदानावर फेऱ्या मारणारे. त्यांची चाल जोरात.

"मी काही हिला टाकून गेलो नाही," ते म्हणाले. "दर वळणावर थांबायचो. ही दिसली की मगच निघायचो."

बाई पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळल्या. "तेच तर! हे वर दगडावर बसलेले दिसायचे. वाटायचं, आता पोचले की दोन मिनिटं शेजारी टेकीन. मी पोचायची आणि हे उठायचे. 'चल, आलीस ना?' दर वेळी."

"अगं, पण मी तुझ्यासाठीच थांबलो होतो!"

मी गृहस्थांना विचारलं, "तुम्ही एका वळणावर किती वेळ बसायचात?"

"पाच-सात मिनिटं."

"आणि तेवढ्यात यांना किती विश्रांती मिळायची?"

त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यभर यंत्रं किती वेळ चालली आणि किती वेळ बंद राहिली याचा हिशेब ठेवणारा माणूस. तो हिशेब त्यांच्या डोक्यात चालू झालेला मला दिसत होता. मी काहीही बोलले नाही. या जागी समुपदेशकाने गप्प बसायचं असतं, आणि ते मला चांगलं जमतं. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "काहीच नाही मिळाली. पुलनापासून वरपर्यंत ही सलग चाललीय."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना सांत्वन नको होतं. आपण कुरकुऱ्या नाही, खरंच दमलो होतो, हे त्यांना यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की गृहस्थ खोटं बोलत नव्हते. ते थांबतच होते. त्यांच्या दृष्टीने ती काळजी होती, आणि बाईंपर्यंत ती पोचत नव्हती. संसारातही हेच चाललेलं होतं. घर झालं की गाडी, गाडी झाली की मुलाची ॲडमिशन. प्रत्येक टप्प्यावर ते वाट बघत थांबत आणि बाई पोचल्या की पुढे निघत.

बाईंचंही काही होतं. मी विचारलं, "जरा बसू द्या, असं एकदा तरी म्हणालात?" त्या म्हणाल्या, "यांना दिसत नव्हतं का?" नव्हतं दिसत. पुढे चालणाऱ्याला मागचा माणूस दिसत नाही. पंचवीस वर्षं न सांगता समोरच्याला कळावं अशी अपेक्षा ठेवणं, हीसुद्धा एक सवय असते आणि ती मोडावी लागते. फुलांचंही तसंच झालं. दरी 1 जूनला उघडते, पण बहर साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. बाईंना हे ठाऊक होतं. त्या एकदा हळूच म्हणाल्या, यांनी "तारीख महत्त्वाची" म्हटलं, आणि विषय तिथेच मिटला. (आपल्याकडे चातुर्मासात लग्नं लागत नाहीत, त्यामुळे ऐन बहरात लग्नाचा वाढदिवस सहसा येतच नाही.) वितळत्या बर्फाच्या कडेला एक इवलं जांभळं फूल दिसलं, म्हणून त्यांनी हाक मारली, "अहो, बघा ना." उत्तर आलं, "झालं का? उशीर होतोय." त्या रात्रीपासून अबोला.

जॉन गॉटमन या अमेरिकन संशोधकाने नवविवाहित जोडप्यांच्या अशाच लहानसहान हाकांचा अभ्यास केला. सहा वर्षांनी पाहिलं, तर ज्यांचं लग्न टिकलं होतं त्यांनी 100 पैकी 86 वेळा जोडीदाराच्या हाकेला प्रतिसाद दिलेला होता. जी विभक्त झाली त्यांनी 33 वेळा. "बघा ना" ला "कुठे गं?" म्हणायला पैसे लागत नाहीत, रजाही लागत नाही.

मी त्यांना एकच काम दिलं. रोज संध्याकाळी गोल्फ क्लबवर आणि रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्यांवर दोघांनी जायचं. पुढे बाई, मागे हे. ओलांडून जायचं नाही. त्या बसल्या की यांनी बसायचं, आणि उठायचं कधी ते त्या ठरवणार. बाईंनी मात्र दमल्यावर तोंडाने सांगायचं, उसासा चालणार नाही. पहिल्या आठवड्यात गृहस्थ वैतागले. "जीव गुदमरतो हो या चालीने." पुढच्या भेटीत आले ते वेगळंच सांगत. "हिचा डावा गुडघा दुखतो. उतरताना आधी उजवा पाय टाकते, मग डावा त्याच पायरीवर आणते. मला माहीतच नव्हतं."

मागे चालल्याशिवाय ते त्यांना दिसणं शक्यच नव्हतं.

तुम्ही अशा सहलीचा बेत करत असाल, तर तारखेचा हट्ट सोडा. वाढदिवस घरी साजरा करा, डोंगरावर त्याच्या ऋतूत जा. बेत दोघांनी मिळून आखा. चकित करण्यात एकाचंच मन रमतं. उंचीवरच्या पहिल्या दोन रात्री झोप नीट लागत नाही, डोकं दुखतं, चिडचिड होते. तेव्हा जुनी उणीदुणी काढू नका, ती नाशिकला येऊन काढता येतात. डोकेदुखी वाढत गेली किंवा बसल्या जागीही धाप लागली, तर हट्ट न करता खाली उतरा. दोघांत जो सावकाश चालतो तो पुढे, हा नियम घरूनच ठरवून निघा. आणि काही वेळ न बोलता गेला तर घाबरू नका. चढावर कोणीच फार बोलत नाही.

एक मात्र स्पष्ट सांगते. घरात मारहाण, धमक्या किंवा जोडीदाराची भीती असेल, तर हे उपाय तुमच्यासाठी नाहीत. तिथे आधी स्वतःची सुरक्षितता. 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करा.

हे जोडपं या ऑगस्टमध्ये पुन्हा तिथेच जातंय. या वेळी तिकिटं बाईंनी काढली आहेत. घांघरियापर्यंत त्या खेचरावर जाणार आहेत. दरीत खेचरांना बंदी आहे, तेवढं चालणार. गुडघा हाडांच्या डॉक्टरांना दाखवून झालाय.