दहा अनोळखी लोकांसमोर काय बोलू?

प्रश्न : ताई, वय ३६, साताऱ्यात बँकेत आहे. चार वर्षांपूर्वी बायपोलरचं (कधी अति उत्साह, कधी खोल नैराश्य, असा आजार) निदान झालं, तीन एपिसोड झालेत, म्हणजे तीनदा आजार उसळला, सध्या सात-आठ महिने लिथियमच्या गोळ्यांवर बरा आहे. डॉक्टर म्हणतात ग्रुप सायकोएज्युकेशनला जा, दर आठवड्याला दीड तास. पण दहा अनोळखी लोकांसमोर घरचं काय सांगायचं, आणि ओळखीचं कोणी निघालं तर? तुम्ही स्वतः गेला होतात म्हणून विचारतोय, काही फरक पडतो का त्याने?

उत्तर : दादा, जा. मी पहिल्या दिवशी दाराशी चपला काढू की परत फिरू यातच पाच मिनिटं घालवलेली. मला वाटलेलं तिथे आपली कर्मकहाणी सांगायची असते, तसं काही नसतं, थोडीफार शाळाच असते, आजार काय, गोळ्या काय करतात, झोप, दारू वगैरे, आणि बोलायची सक्ती नव्हती, पहिले दोन आठवडे मी वहीत नुसती फुलं काढली.

मग सुरुवातीच्या लक्षणांचा दिवस आला आणि एक काका म्हणाले, मी रात्री दोनला माळा साफ करायला काढला की आमची ही सकाळी डॉक्टरांना फोन लावते. सगळे हसले, मी पण, आणि हसता हसता गप्पच झाले, कारण माझं तेच की हो, फक्त माळ्याच्या जागी जुन्या मैत्रिणींना फोन, रात्री साडेबाराला, आणि चारच तास झोपून सकाळी एकदम फ्रेश. सहा वर्षं मी त्याला माझा उत्साह समजत होते! डॉक्टरांनी हेच दहादा सांगितलेलं, पण काकांच्या तोंडून ऐकल्यावर पटलं.

सगळं छान नसतं हेही सांगते. एक जण कितीतरी वेळा ॲडमिट झालेला, त्याचं ऐकून घरी येऊन रडले, आपलंही असंच होणार का म्हणून, पुढचे दोन आठवडे गेलेच नाही. आणि एखादा माणूस सगळा वेळ खातो, चालवणाऱ्याने आवरलं नाही तर वैताग येतो.

फरकाचं म्हणाल तर बार्सिलोनात १२० पेशंटवर अभ्यास झाला, २००३ साली छापून आला, २१ सेशनचा. दोन वर्षांत साध्या, म्हणजे काही न शिकवता नुसत्या भेटणाऱ्या ग्रुपमधल्या ९२ टक्के लोकांना आजार उलटला, शिकवलेल्यांत ६७ टक्के. म्हणजे जादू नाहीच, गोळ्या चालूच ठेवायच्या. इंग्लंडमधल्या नंतरच्या अभ्यासात एकंदरीत फार फरक दिसला नाही, पण ज्यांचे एपिसोड सातपर्यंतच झालेले त्यांना जास्त उपयोग झाला, आणि तुमचे तर तीनच आहेत, म्हणून म्हणते आत्ताच जा.

ओळखीचं निघालं तर तोही त्याच कारणासाठी आलाय ना, तोच तुमच्यापेक्षा जास्त घाबरलेला असेल.

आणि रक्तातल्या लिथियमची लेव्हल शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी बघतात हे मला ग्रुपमध्येच कळलं, तोवर दोन वर्षं मी सकाळची गोळी घेऊनच लॅबला जायचे आणि कोणी विचारलंही नाही.

वहिनींना एखाद्या सेशनला नेता येतं का ते विचारा. आमच्याकडे हे येऊन गेले, तेव्हापासून रात्री साडेअकराला माझा मोबाईल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लागलेला असतो.