फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीने धर्म मनापासून बदलला की गादीसाठी?

माझ्या मते गादीसाठी, पण त्यात देशाचं भलंही होतं. १५८९ मध्ये आधीचा राजा तिसऱ्या हेन्रीचा खून झाला, त्याला मूलबाळ नव्हतं म्हणून वारसा या प्रोटेस्टंट हेन्रीकडे आला आणि पॅरिस तर कट्टर कॅथलिक लीगच्या, म्हणजे प्रोटेस्टंट राजा नको म्हणणाऱ्या गटाच्या, ताब्यात. १५९० मध्ये त्याने वेढा घातला, शहरात हजारो लोक उपासमारीने मेले तरी दरवाजे काही उघडले नाहीत. शेवटी २५ जुलै १५९३ ला सँ-दनीच्या चर्चमध्ये तो कॅथलिक झाला आणि पुढच्या मार्चमध्ये पॅरिस जवळपास न लढताच मिळालं. लीगच्या बऱ्याच सरदारांना तर त्याने चक्क पैसे देऊन गप्प केलं, आणि मला तरी ते रक्तपातापेक्षा शंभरपट बरं वाटतं.

'पॅरिससाठी एक मास (कॅथलिकांची चर्चमधली उपासना) ऐकायला हरकत नाही' हे वाक्य त्याच्या नावावर फिरतं, पण त्याला भक्कम पुरावा नाही.

खरं मोठं काम म्हणजे १५९८ चा नांतचा हुकूम. प्रोटेस्टंटांना ठराविक ठिकाणी प्रार्थना, सरकारी नोकऱ्या आणि संरक्षणासाठी काही किल्लेबंद गावं मिळाली. पूर्ण समानता नव्हती, खुद्द पॅरिसमध्ये त्यांच्या प्रार्थनेला बंदीच होती, पण कॅथलिक-प्रोटेस्टंटांमधली ३०-३५ वर्षं चाललेली कापाकापी थांबली ना! मंत्री स्युलीने खजिना सावरला, शेतकऱ्यांवरचा कर थोडा कमी केला, रस्ते केले.

१६१० मध्ये राव्हायाक नावाच्या कट्टर कॅथलिकाने हेन्रीला भोसकून मारलं. आणि १६८५ मध्ये त्याच्याच नातवाने, चौदाव्या लुईने, तो हुकूम रद्द केला.