वाचकांचे प्रश्न : अमेरिकी विद्यापीठांतील खेळाडूंना पैसे मिळावेत का?

प्रश्न : माझी मुलगी टेनिस खेळते. अमेरिकेतील एका विद्यापीठाने तिला खेळाच्या शिष्यवृत्तीबद्दल विचारले आहे. तेथील विद्यापीठे आता खेळाडूंना थेट पैसेही देऊ लागली आहेत, असे वाचनात आले. शिकायला गेलेल्या मुलांना खेळण्याचा पगार देणे योग्य आहे का? शिक्षण आणि राहणे-खाणे मोफत मिळते, हाच पुरेसा मोबदला नव्हे काय? आणि हे पैसे माझ्या मुलीला मिळतील का? – एक पालक, पुणे

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण घरातला निर्णय बहुधा त्यावरच अडला असेल. आपली मुलगी विद्यार्थी व्हिसावर जाणार असेल, तर शिष्यवृत्तीपलीकडचे पैसे तिच्या हाती पडतील असे गृहीत धरू नये. त्याचे कारण पुढे येईलच. पण आपले पहिले दोन प्रश्न अधिक खोल आहेत आणि अमेरिकेतील न्यायालये त्यांच्यावर कित्येक वर्षे खल करीत आली आहेत.

आपल्याकडे आंतरविद्यापीठ सामन्याला तिकीट लावले, तर किती जण फिरकतील हे आपण जाणतोच. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानात (हा फुटबॉल तेथला, मुख्यतः हाताने खेळायचा) एक लाख सात हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात. पुरुषांच्या बास्केटबॉलची मार्चमधील स्पर्धा दूरचित्रवाणीवर दाखवण्याचे हक्क २०१० मध्ये १४ वर्षांसाठी १,०८० कोटी डॉलरना विकले गेले आणि २०१६ मध्ये आणखी ८८० कोटी डॉलर ठरवून तो करार २०३२ पर्यंत वाढवण्यात आला. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिम्बो फिशर या फुटबॉल प्रशिक्षकाला मुदतीआधी दूर केले, तेव्हा करारानुसार त्याचे देणे साडेसात कोटी डॉलरच्या वर निघाले. म्हणजे ही रक्कम प्रशिक्षण न देण्याबद्दलची. हौशी खेळाचे पावित्र्य पैशाने भंगते असा आक्षेप घेणाऱ्यांना ते या रकमेने भंगल्याचे कधी जाणवले नाही, हे मला नेहमीच चमत्कारिक वाटत आले आहे.

या खेळांचे नियमन करणारी नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे एनसीएए, १९०६ मध्ये स्थापन झाली ती पैशाच्या प्रश्नावरून नव्हे. आदल्या वर्षी फुटबॉलच्या मैदानावर इतके खेळाडू मृत्युमुखी पडले होते की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना लक्ष घालावे लागले. खेळातील कामगिरीवर शिष्यवृत्ती देण्याची रीतसर मुभा १९५६ मध्ये मिळाली. त्याच सुमारास कोलोरॅडोतील एका प्रकरणाचा निकाल लागला आणि तो या सर्व वादाच्या मुळाशी आहे, असे माझे मत आहे. फोर्ट लुईस ए अँड एम महाविद्यालयाकडून खेळताना १९५५ मध्ये डोक्याला मार लागून रे डेनिसन हा खेळाडू मरण पावला. त्याच्या पत्नीने कामगार नुकसानभरपाईचा दावा लावला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये तो फेटाळला, कारण महाविद्यालय काही फुटबॉलचा व्यवसाय करीत नव्हते. त्या छोट्या महाविद्यालयापुरते ते कदाचित खरेही असेल. पण त्याच युक्तिवादाच्या आडोशाला पुढे अब्जावधी डॉलरची उलाढाल करणारी विद्यापीठे जाऊन बसली.

आता शिष्यवृत्तीबद्दल. ती क्षुल्लक नाही. नामांकित खासगी विद्यापीठात शिक्षणशुल्क, निवास आणि भोजन मिळून वर्षाचा खर्च आज नव्वद हजार डॉलरच्या आसपास जातो आणि टेनिस किंवा जलतरण खेळणाऱ्या मुलीला तो माफ होत असेल, तर तिच्या संघाच्या उत्पन्नाशी ताडून पाहता हा सौदा तिच्या बाजूचाच म्हणावा लागेल. बहुतेक विद्यापीठांत टेनिस हा खर्चाचाच खेळ असतो. त्याचा भार फुटबॉलची कमाई किंवा इतर विद्यार्थ्यांकडून घेतलेले शुल्क उचलते. मोठ्या संघातल्या फुटबॉलपटूची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याच्या कष्टावर इतरांच्या शिष्यवृत्त्या, नवी क्रीडासंकुले आणि प्रशिक्षकांचे पगार निघतात आणि त्याला मात्र शिष्यवृत्तीच्या मर्यादेवर थांबवले जात असे. शिवाय १९७३ पासून दीर्घकाळ ही शिष्यवृत्ती एकेका वर्षाचीच असे. प्रशिक्षकाची मर्जी खप्पा झाली की पुढल्या वर्षीचे शिक्षण धोक्यात. २०१४ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाला बास्केटबॉलचे अजिंक्यपद मिळवून देणारा शबाझ नेपियर याने आपण काही रात्री उपाशी झोपतो असे पत्रकारांना सांगितले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत खेळाडूंच्या जेवणावरची मर्यादा उठली. नियम किती सहज बदलता येण्याजोगे होते, ते यावरून दिसते.

मोबदला पुरेसा होता की अपुरा, याहूनही मला महत्त्वाचा वाटतो तो ठरवण्याचा अधिकार. खेळाडू हवे असणाऱ्या सर्व विद्यापीठांनी एकत्र बसून ठरवले की यापेक्षा अधिक कोणीही द्यायचे नाही. साखर कारखान्यांनी आपसांत संगनमत करून उसाचा भाव बांधून टाकला आणि वर तो शेतकऱ्याच्या संस्कारासाठी असल्याचे सांगितले, तर आपण काय म्हणू? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही मक्तेदारीविरोधी कायद्याच्या आधारे जवळपास तेच म्हटले. जून २०२१ मध्ये ऑल्स्टन खटल्यात नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी एनसीएएच्या विरोधात निर्णय दिला. निकाल शैक्षणिक स्वरूपाच्या लाभांपुरता होता. पण न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी स्वतंत्र मतात एनसीएए कायद्याच्या वर नाही, असे स्पष्टच लिहिले. त्याआधी एड ओबॅनन या माजी बास्केटबॉलपटूने व्हिडिओ गेममध्ये आपली प्रतिमा पाहून २००९ मध्ये दावा लावला होता आणि कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये खेळाडूंना आपल्या प्रतिमेवर कमाई करू देणारा स्वतःचा कायदा केला होता. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव, छबी आणि प्रसिद्धी यांच्यावर कमाई करण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये, खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लावलेल्या हाउस खटल्यातील तडजोड मंजूर झाली. त्यानुसार २०१६ पासूनच्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर मिळायचे असून तडजोडीत सामील असलेले प्रत्येक विद्यापीठ २०२५-२६ या वर्षात जास्तीत जास्त सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर आपल्या खेळाडूंना थेट वाटू शकते. हार्वर्ड, येल आदी आयव्ही लीगची विद्यापीठे यापासून दूर राहिली. तेथे खेळासाठी शिष्यवृत्तीच दिली जात नाही.

तेव्हा माझे उत्तर असे : जेथे विद्यापीठ खेळ विकते, तेथे खेळणाऱ्याला वाटा मिळालाच पाहिजे, आणि तो किती हे खेळाडूंशी वाटाघाटी करून ठरले पाहिजे. हा दुसरा भाग अजून साधलेला नाही. नवी मर्यादा मोठ्या परिषदांतील (आपसांत सामने खेळणाऱ्या गटांतील) विद्यापीठांच्या सरासरी उत्पन्नाच्या २२ टक्के धरून काढली आहे, तर व्यावसायिक बास्केटबॉल आणि फुटबॉलमध्ये संघटित खेळाडू जवळपास निम्मा वाटा घेतात. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंनी कामगार संघटना स्थापण्याचा प्रयत्न केला. राष्ट्रीय कामगार मंडळाने २०१५ मध्ये त्या प्रकरणात अधिकारक्षेत्र वापरण्याचेच नाकारले. डार्टमथ महाविद्यालयाच्या बास्केटबॉलपटूंनी मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी संघटनेच्या बाजूने कौल दिला आणि वर्षअखेरीस अर्ज मागे घेतला. खेळाडू कर्मचारी आहेत की नाहीत, हा डेनिसनच्या पत्नीने विचारलेला प्रश्न आजही लोंबकळतच आहे.

या व्यवस्थेचा तोटा कोणाला होईल, हेही सांगितले पाहिजे, कारण तो आपल्या मुलीशी निगडित आहे. फुटबॉलला द्यायचे पैसे कोठून तरी काढावे लागतात. कॅलिफोर्नियातील कॅल पॉली विद्यापीठाने मार्च २०२५ मध्ये जलतरणाचा संघ बंद केला, तेव्हा याच तडजोडीचा आर्थिक परिणाम हे एक कारण दिले होते. स्त्रियांच्या वाट्याबद्दलही वाद आहे. शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणारा १९७२ चा कायदा या पैशाला लागू होतो, असे शिक्षण खात्याने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले आणि नव्या प्रशासनाने फेब्रुवारीत ते मार्गदर्शन मागे घेतले.

आता व्हिसाचे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्रकाळात विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. बाहेर जाहिरात करणे, प्रायोजकासाठी चित्रीकरण करणे हे अनधिकृत काम ठरू शकते आणि त्याची शिक्षा विद्यापीठाला नव्हे, विद्यार्थ्याला भोगावी लागते. पर्ड्यू विद्यापीठाचा झॅक एडी हा कॅनडाचा खेळाडू २०२३ आणि २०२४ मध्ये देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन बास्केटबॉलपटू ठरला, तरी व्हिसामुळे त्याला सहकाऱ्यांसारखी कमाई करता आली नाही. बक्षिसाच्या रकमेचाही विचार करावा. रीस ब्रँटमायर या अमेरिकी टेनिसपटूला २०२१ च्या यूएस ओपनमध्ये मिळालेल्या सुमारे ४९ हजार डॉलरपैकी बहुतेक रकमेवर महाविद्यालयीन पात्रतेसाठी पाणी सोडावे लागले. त्याविरुद्ध तिने २०२४ मध्ये न्यायालयात धाव घेतली.

तरीही मुलीला पाठवू नका, असे मी म्हणणार नाही. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ मध्ये एकेरीचा अजिंक्यवीर झाला आणि तेथूनच व्यावसायिक टेनिसमध्ये गेला. मात्र प्रशिक्षकाला लेखी विचारा : शिष्यवृत्ती पूर्ण आहे की अंशतः, ती किती वर्षांची, दुखापत झाल्यास ती चालू राहील का, पदवीनंतरही उपचारांचा खर्च कोण देईल आणि टेनिसचा संघ पुढील चार वर्षे कायम ठेवण्याचा विद्यापीठाचा इरादा आहे का. निवास-भोजनापोटी मिळणाऱ्या भागावर कर लागतो, तोही हिशेबात धरा.

प्रश्न : आमचा मुलगा अमेरिकेत जन्मलेला, म्हणून व्हिसाची अडचण नाही. तो जलतरणपटू आहे. नाव आणि प्रसिद्धी यांच्या करारातून त्याला किती मिळकत अपेक्षित धरावी? – एक वाचक, डॅलस

उत्तर : फार धरू नये. लाखो डॉलरचे करार वर्तमानपत्रांत येतात ते मूठभर फुटबॉल व बास्केटबॉलपटूंचे किंवा समाजमाध्यमांवर प्रचंड अनुयायी असणाऱ्यांचे. जलतरणपटूच्या वाट्याला बहुधा पोहण्याचे कपडे, स्थानिक दुकानाची जाहिरात, उन्हाळी शिबिराचे मानधन एवढे येते. हाउस तडजोडीत सामील असलेल्या विद्यापीठांत ६०० डॉलर किंवा त्याहून अधिक रकमेचे करार तडजोडीनंतर नेमलेल्या नव्या आयोगाच्या छाननीसाठी कळवावे लागतात. त्यामुळे विद्यापीठाच्या नियमपालन कार्यालयाला दाखवल्याखेरीज कोठेही सही करू नये. एजंटाला भविष्यातील कमाईचा टक्का लिहून देणारे कलम असेल, तर ते काढून टाकण्यास सांगावे. वस्तूच्या रूपात मिळालेला मोबदलाही करपात्र असतो, हे मुलाला पहिल्याच करारापूर्वी समजावून सांगावे.