रेणू काढण्याआधी दिवा बघ

फोटोइनिशिएटर, म्हणजे प्रकाश शोषून द्रव रेझिन घट्ट करायची अभिक्रिया सुरू करणारा रेणू, बनवायचा म्हणतोस, छान. पण रचना काढायला बसण्याआधी दिवा कुठला ते ठरव. ४०५ नॅनोमीटरचा एलईडी असेल तर फक्त ३२० ला शोषण करणारा रेणू कितीही देखणा असो, काही कामाचा नाही.

शोषण जास्त म्हणजे काम जास्त, हा समजही सोडून दे. शोषण फार वाढलं की प्रकाश वरच्या थरातच संपतो आणि खालचं रेझिन ओलंच राहतं. दातांच्या फिलिंगमधलं कॅम्फरक्विनोन बघ. ४७० च्या आसपास त्याचं शोषण अगदी बेताचं, तरी सोबत अमाइन हे मदतनीस रसायन असलं की रॅडिकल (घट्ट होण्याची साखळी सुरू करणारे अतिक्रियाशील कण) तयार होतात आणि दोनेक मिलिमीटरचा थर नीट घट्ट होतो.

पहिली चाचणी हवेत आणि नायट्रोजनखाली, दोन्हीकडे कर. हवेतला नमुना वरून चिकट लागला तर लगेच रेणूला दोष देऊ नकोस. बहुतेक वेळा ऑक्सिजन रॅडिकल गिळत असतो.

आणि हो, एखादा रेणू ओळखणारा पॉलिमर करायचा असेल तर प्रकाशाचा खरा फायदा हा की मिश्रण न तापवता, थंड ठेवूनही अभिक्रिया सुरू करता येते. मेथॅक्रिलिक आम्ल (पॉलिमरचा घटक) आणि साचा-रेणू (ज्याचा ठसा पॉलिमरमध्ये उमटवायचा तो रेणू) यांच्यातले हायड्रोजन बंध तापवल्यावर सैल होतात, शून्य अंशाला जास्त टिकतात. द्रावक मात्र टोल्युईन किंवा क्लोरोफॉर्म घे, मेथॅनॉल नको. ते स्वतःच त्या बंधांत घुसतं.